कोरडा हात

१

कणीक मळताना एक हात कोरडा ठेवायचा. हे मला माझ्या आईनं शिकवलं आणि मी माझ्या लेकीला. दोन्ही हात पिठात घालून बसलं की नेमकं तेव्हाच दूध उतू जातं, दार वाजतं, नाहीतर पाळण्यातलं पोर रडायला लागतं. एक हात कोरडा असला की कशालाही धावता येतं.

आता ही स्वयंपाकघरातली गोष्ट मशीनच्या खोलीत कशी पोचली, ते सांगते. मी सांगते आहे आणि नात लिहून घेते आहे, कारण शाळेची पायरी काही मी चढले नाही. पण एकदा पाहिलेलं, ऐकलेलं माझ्या डोक्यातून जात नाही. घरात सगळ्यांना ते माहीत आहे. काहींना आवडत नाही, तो भाग वेगळा.

माझ्या लेकीला आम्ही चिंगी म्हणतो. तिचे केस पिकायला लागले तरी चिंगीच. ती मोठ्या इस्पितळात कामाला आहे, पण डॉक्टर नाही. इस्पितळात जेवढी माणसं येतात त्या प्रत्येकाचा कागद एका मशीनमध्ये असतो. रक्तगट कुठला, कुठलं औषध मानवतं, कुठलं अंगावर उठतं, सगळं त्यात. खरा कागद नव्हे, पण मी आपली कागदच म्हणते. खिडकीवरच्या बाईनं मागितला की मशीननं तो काढून द्यायचा, डॉक्टरनं काही सांगितलं की त्यावर लिहून ठेवायचं. त्या सगळ्या साठ्याला डेटाबेस म्हणतात आणि तो सांभाळणारं मशीन म्हणजे सर्व्हर. ते झपाझप चालतंय की रेंगाळतंय हे बघणं, ही चिंगीची नोकरी.

रोज दुपारी मी तिचा डबा घेऊन जायचे. तळघरात, जिन्याच्या टोकाला तिची खोली. खोलीला मध्ये काच. काचेच्या आत कपाटाएवढी मशीनं ओळीनं उभी, बारीक हिरवे दिवे, पंख्यांची एकसारखी घरघर आणि अशी थंडी की शाल घेतल्याशिवाय पाय टाकवत नाही. काचेच्या अलीकडे टेबल, स्क्रीन आणि तिच्या हाताखालचा एक जण. त्याला सगळे लंबू म्हणायचे. दारातून येताना मान वाकवायचा, तरी आठवड्यातून एकदा कपाळ आपटायचाच.

नवं मशीन आलं तेव्हा वरच्या साहेबांनी पेढेच काय ते वाटायचे राहिले होते. जुन्याला काम करणारे हात कमी, नव्याला चांगले सोळा. चिंगी त्यांना प्रोसेसर म्हणायची. आणि झालं काय, तर काम पहिल्यापेक्षा हळू.

"हात वाढल्यावर काम हळू कसं होईल गं?" मी विचारलं.

"तुझ्या सासरी चुली किती?"

"एक."

"सुना?"

"आम्ही पाच."

"आणि मिठाचा डबा?"

"तोही एकच. तो सासूबाईंच्या मांडीखाली."

लंबू एवढा हसला की त्याचा घास अडकला. "मॅडम, आजींना नोकरीवर घेऊन टाका. साहेबांना नाहीतरी हे समजावून सांगणारं कुणी नाही."

मग चिंगीनं सांगितलं. एखाद्या कागदावर एक हात लिहीत असला की तो त्याला कुलूप लावतो. लिहून झालं की सोडतो. तेवढ्यात दुसऱ्याला तोच कागद हवा असला तर तो दाराशी उभा राहतो, त्याच्यामागं तिसरा. नुसतं उभं राहण्यातही जीव दमतोच. हात वाढले म्हणजे दाराशी खोळंबणारेही वाढले.

तिनं खपून ते नीट बसवलं. कुणी कुठलं काम करायचं ते वाटून दिलं. फक्त शेवटच्या हाताला काहीच दिलं नाही.

"हा का रिकामा?"

"सगळे अडकले तर आत शिरायला मला एक तरी हात मोकळा हवा ना? आमच्या कामात तशी पद्धतच आहे. आणि तूच नाही का शिकवलंस."

त्या दिवसापासून तिघंही त्याला कोरडा हात म्हणायला लागलो.

२

स्क्रीनवर प्रत्येक हाताची एक हिरवी पट्टी असे. काम आलं की वर जायची, संपलं की खाली. वाऱ्यावर चुलीचा जाळ हलतो, तशा सगळ्या सतत हलायच्या. शेवटची मात्र जमिनीला चिकटलेली.

एका दुपारी मी डबा उघडत होते आणि ती उभी दिसली.

निम्म्यापर्यंत वर आलेली. पण तेवढ्यानं मी थबकले नसते. बाकीच्या थरथरत होत्या आणि ही हलत नव्हती. कंदिलाच्या काचेआडची वात असते ना, तशी स्थिर.

"चिंगे, तुझा कोरडा हात ओला झाला बघ."

लंबू वाकून म्हणाला, "पाहुणा आलाय वाटतं. चहा टाकू का?"

चिंगीनं जेवण बाजूला सारलं. त्या हाताला कुणी काम दिलंय का बघितलं. कुणीच दिलं नव्हतं. तो लिहीत नव्हता, वाचत नव्हता, एक कागद धरून बसला होता, बस. आणि त्या कागदापाशी एकेक करून बाकीचे हात येऊन थांबत होते. वर खिडकीवर ओरडाआरडा सुरू झाला होता. फोन वाजायला लागले.

तिनं दोनतीन कळा दाबून ते कुलूप सोडवलं. पट्टी खाली बसली आणि बाकीच्या भरभर नाचायला लागल्या.

थोड्या वेळानं वरून एका नर्सचा फोन आला. आवाज मोठा होता, मलाही ऐकू आला. "झालं एकदाचं मॅडम. आमच्या त्या आजोबांचं सकाळपासून लिहायचं होतं, घेतच नव्हतं मशीन."

"काय लिहायचं होतं?"

"शेवटचं. म्हणजे सकाळी डॉक्टर म्हणाले होते की संपलंच आता, पण ते काही जाईनात. आत्ता गेले."

चिंगी "बरं" म्हणाली आणि जेवायला बसली. मीही मनात काही आणलं नाही. एवढं मोठं इस्पितळ, माणसं येतात, जातात.

३

पुन्हा झालं. आणि पुन्हा. दर वेळी तसंच, पट्टी स्थिर उभी, कागद धरलेला, सोडवला की वरून निरोप. एकदा एक शिवणकाम करणारी बाई होती, एकदा कुणाचा तरुण भाऊ. लंबूची चहाची थट्टा बंद झाली.

चिंगीचं म्हणणं सरळ होतं. "ज्याची तब्येत जास्त बिघडलेली, त्याच्या कागदावर सगळेच लिहितात. डॉक्टर, नर्स, औषधवाले. मग गर्दी तिथंच होणार आणि अडकणारही तिथंच. यात काही नाही." मला पटलं. अजूनही डोकं शांत असलं की पटतं.

तरी तिनं तो हातच बंद करून टाकला. स्क्रीनवर पंधरा पट्ट्या राहिल्या. दोन दिवसांनी कागद पुन्हा अडकला. कुणी धरलाय ते बघायला गेली तर धरणाऱ्याच्या जागी काहीच नाही. नाव नाही, आकडा नाही. दुसरं एखादं मशीन असतं तर तिथं चूक म्हणून लाल अक्षरं आली असती, असं लंबू म्हणाला. इथं नुसतीच मोकळी जागा, कुणीतरी उठून गेल्यासारखी.

तिनं हात परत चालू केला. "निदान दिसेल तरी," म्हणाली. तिचा आवाज तेव्हा मला आवडला नाही.

मग ती दुपार आली. चिंगी साहेबांकडे बैठकीला गेली होती आणि पट्टी उभी राहिली. लंबूनं कळांवर बोटं ठेवली आणि काढून घेतली.

"सोडव ना," मी म्हटलं.

"आजी, कुणाचा कागद आहे बघितलं मी. त्या बाईंचा भाऊ गावाहून निघालाय. वाटेत आहे. मघाशी जिन्यात नर्स सांगत होती." तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "थोडं थांबू या?"

थांबलो. भाऊ आला, बहिणीपाशी बसला, दोघं बोलली म्हणे. आणि मग कुणीही काही न दाबता पट्टी आपली आपण खाली बसली. लंबूनं डोळे पुसले. मला वाटलं, असेल काही, पण मायाळू आहे.

पण तेवढ्या वेळात दारी आलेल्या एका अपघातातल्या मुलीला रक्त द्यायचं होतं. दप्तरावरून नाव कळलं, पण तिचा गट उघडेना. ती बेशुद्ध, सोबत कुणी नाही. शेवटी तिथंच रक्त तपासून दिलं. वाचली, पण थोडक्यात. तिची आई नंतर जिन्यात बसून रडत होती. मी पाणी नेऊन दिलं, तर माझाच हात धरून म्हणाली, "त्यांचं मशीन अडकलं होतं हो."

चिंगी लंबूला त्या दिवशी जे बोलली ते मी इथं लिहायला सांगत नाही. शेवटी एवढंच म्हणाली, "एकाला धरून ठेवायचं आणि दहा जणांना दारात मरायला ठेवायचं, याला माया म्हणत नाहीत."

लंबूनं मान खाली घातली. त्याची मान खाली गेली की तो बाकीच्यांएवढा दिसायचा.

४

त्यानंतर आमचे हे आजारी पडले.

आयुष्यभर बसगाड्या दुरुस्त केल्या त्यांनी. धूर छातीत बसला तो बसलाच. वरच्या मजल्यावर, काचेच्या खोलीत ठेवलं होतं. मी सकाळी यांच्यापाशी बसायचे, दुपारी डबा घेऊन खाली लेकीकडे, पुन्हा वर. जिना पाठ झाला होता.

शेवटच्या दिवशी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं आणि जे सांगायचं ते हलक्या आवाजात सांगितलं. "आता फार वेळ नाही, आजी." मी आत जाऊन बसले. यांचा डावा हात मूठ वळून छातीवर होता. नर्सनं सुई लावायला मूठ उघडायचा प्रयत्न केला, उघडेना. श्वास एवढासा. येतो का, म्हणून बघायला वाकलं की यायचा.

दुपार झाली. श्वास तेवढाच, तसाच. कमी नाही, जास्त नाही. न हलणारा.

नर्स समोरच्या स्क्रीनवर बोट आपटत होती. "आज परत बंद पडलंय हे. काहीच घेत नाही."

मी उठले.

खाली उतरताना पाहिलं, खिडकीपाशी रांग दारापर्यंत गेली होती. एक पोटुशी बाई भिंतीला टेकून उभी होती, तिचा नवरा हातातला कागद फडकावत सगळ्यांना सांगत होता की हिला आत घ्या, वेळ भरलीय, आत घ्या. आणि खिडकीवरची बाई म्हणत होती, "कसं घेऊ? उघडतच नाही. हिला कुठलं औषध चालत नाही तेच कळत नाही, तर भूल कशी द्यायची?"

५

चिंगी स्क्रीनसमोर बसली होती. दोन्ही हात मांडीवर. फोन वाजून वाजून गप्प व्हायचा, पुन्हा वाजायचा. लंबू दाराशी उभा.

शेवटची पट्टी उभी होती.

"किती वेळ झाला?" मी विचारलं.

"सकाळपासून," लंबू म्हणाला. "मॅडम मला हात लावू देत नाहीत."

"आई," चिंगी म्हणाली, "बाबांचा कागद आहे."

"माहीत आहे."

"मी सोडवला की..."

"ते मशीन आहे, चिंगे. तूच म्हणतेस ना, गर्दी होते तिथं अडकतं. यात काही नाही."

"मग तू दाब."

काय सांगू, मला नाही दाबवलं. कुठली कळ तेही मला माहीत नव्हतं, पण माहीत असती तरी दाबवली नसती. मी म्हटलं, "वर एक बाई अडली आहे. पहिलटकरीण दिसते."

तिनं डोळे मिटले. "मला माहीत आहे. मला सगळं माहीत आहे, आई. माझे हात उचलत नाहीत."

मी शाल घट्ट केली आणि काचेचं दार ढकलून आत गेले. का गेले ते आजही सांगता येत नाही. आपलं माणूस अडलं की आपण त्याच्याकडे जातो, तेवढंच.

आत घरघर एवढी की आपलाच श्वास ऐकू येऊ नये. ओळीतल्या शेवटच्या कपाटापाशी पोचले तशी ती कमी झाली. पंखे फिरत होते, दिसत होते. पण तिथं आवाज नव्हता. मूल झोपलेलं असलं की घरातली सगळी माणसं पाय न वाजवता चालतात, तशी शांतता.

मी पत्र्यावर तळवा ठेवला. सगळीकडे बर्फासारखा गार होता. एका जागी कोमट लागला. मशीन तापतं, ठाऊक आहे मला. पण तापलेल्या पत्र्याची ऊब वेगळी, चटका देणारी. ही तशी नव्हती. ही कोरडी होती, तळहाताएवढीच होती, आणि मी तळवा हलवला तशी ती त्याच्याखाली सरकली.

मग तिनं माझं बोट आवळलं. पत्र्यातून. झोपेतलं तान्हं आवळतं तसं, कशाला आवळतंय ते न कळता.

मी ओरडले नाही. पाच पोरं वाढवली मी, आवळलेलं बोट कसं सोडवायचं ते ठाऊक आहे. ओढायचं नाही. वाकले आणि म्हटलं, "धरलंस, बरं केलंस. सकाळपासून मला त्यांच्यापाशी बसता आलं. आता सोड. बाहेर लोक उभे आहेत, बाळा. त्यांना मी धरते."

किती वेळ गेला कुणास ठाऊक. बोटाभोवतीची ऊब एकदा घट्ट झाली आणि मग सैल.

घरघर परत कानावर आदळली. काचेपलीकडे चिंगी उभी राहिली होती, तिचे दोन्ही हात तोंडावर. स्क्रीनवर पंधरा पट्ट्या नाचत होत्या आणि शेवटची जमिनीला टेकली होती.

मी वर पोचले तेव्हा नर्स यांच्यापाशी होती. "आत्ताच, आजी," म्हणाली. "आणि बघा ना, मूठ आपोआप उघडली."

मी ती हातात घेतली. कोरडी होती, अजून ऊब होती. संध्याकाळी लंबूनं येऊन सांगितलं, त्या बाईला मुलगा झाला, दोघं सुखरूप आहेत.

६

चिंगी आणि मी यावर कधी बोललो नाही. मशीन चालत राहिलं. पट्टी पुन्हा उभी राहिल्याचं तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. असेल, माझं त्या दिवशी डोकं ठिकाणावर नसेल. उपाशीही होते.

पण परवा स्वयंपाकघरात माझ्या छातीत एक कळ आली. अशी कळ मी कधी भोगली नाही. डोळ्यांपुढं काळोख आला, ओटा धरायला गेले आणि मनात म्हटलं, चला, आले मी. आणि कळ तिथंच थांबली. गेली नाही, वाढली नाही. थांबली.

चिंगीनं इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी माझ्या हृदयाची पट्टी काढली. ते पट्टीकडे बघायचे, मग माझ्याकडे बघायचे, मग पुन्हा पट्टीकडे. "आजी, तुम्ही बसून बोलताय कशा?" म्हणाले. ठेवून घेतो म्हणाले, तर खिडकीवर माझं नाव लिहून घेईनात. बाई म्हणाली, "तुमचं काही उघडतच नाही हो आज." माझ्यामागं रांग वाढत चालली होती. चिंगीनं माझं मनगट धरलं आणि घरी घेऊन आली.

तेव्हापासून ती लवकर घरी येते. मशीनचं नाव काढत नाही. फोन वाजला की बाहेर जाऊन बोलते. काल दार नीट लागलं नव्हतं. लंबूचा आवाज होता, मोठा, रडवेला. "मॅडम, वरती सगळं थांबलंय. किती वेळ ठेवणार?" आणि चिंगी म्हणाली, "अजून थोडं."

चिंगे, हे तुझी लेक तुला वाचून दाखवेल. मी रागावले नाही. तुझ्या जागी मी असते तर मीही कळ दाबली नसती. नव्हतीच दाबली. पण त्या दिवशी खिडकीपाशी माझ्यामागं एक बाई उभी होती, कडेवर तापानं फणफणलेलं पोर. ती मला सारखी म्हणत होती, "आजी, तुमचं झालं का?" तिला मी काय सांगायचं होतं?

आज सकाळी मी कणीक मळायला घेतली. उजवा हात पिठात, डावा कोरडा. शेगडीवर दूध वर यायला लागलं. पातेलं उतरवायला डावा हात उचलायला गेले, तर उचलेना. दुखत नव्हता, बधिर नव्हता. कुणीतरी धरला होता. दूध माझ्या डोळ्यांदेखत उतू गेलं आणि मी तशीच उभी राहिले. खरं सांगते, भीती वाटली. पण ओढून नाही घेतला.

तो वाईट नाही, चिंगे. त्याला कुणी काम दिलं नाही, म्हणून जे पहिलं हाती लागलं ते त्यानं घट्ट धरलं. त्याला सोडायचं कसं ते ठाऊक नाही, एवढंच. ते त्याला सांगावं लागतं, आणि ते घरच्याच माणसानं सांगावं लागतं. आत जा. शाल घेऊन जा, गारठा असतो. शेवटच्या कपाटावर तळवा ठेव.

आणि जायच्या आधी माझ्यापाशी थोडं बस. एवढं धरलंय तर तेवढं धरू दे. मग जा.

बाहेर रांग मोठी आहे, बाळा. सोड.